इंग्रजी वाक्यातील चुका स्वतः कशा शोधाव्यात: मराठीतून इंग्रजीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याला शब्द ठाऊक आहेत, कर्ता कुठे ठेवायचा हे कळते आणि चालू क्रिया दाखवण्यासाठी क्रियापदाला ‘आयएनजी’ लावता येते. त्याने ‘मी इथे दोन वर्षांपासून राहत आहे’ हे मराठी वाक्य मनात धरले आणि त्यातील एकेका शब्दाच्या जागी इंग्रजी शब्द ठेवला, एवढेच घडले. ते मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र त्या आशयासाठी क्रियापदाचे निराळे रूप लागते आणि ‘पासून’ या एका शब्दाचे काम दोन वेगळे शब्द वाटून घेतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, म्हणून चुकीच्या वाक्याखाली दडलेले मराठी वाक्य शोधणे हा त्या सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असे माझे मत आहे. एक चूक सुटी दुरुस्त केली तर तेवढेच वाक्य सुधारते; तिच्याखालचे मराठी वाक्य सापडले तर तशी वीस वाक्ये सुधारतात.

सुरुवातीची तयारी

एक वेगळी वही करावी आणि तिच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात आपण लिहिलेले चुकीचे वाक्य, दुसऱ्यात ते लिहिताना मनात असलेले मराठी वाक्य आणि तिसऱ्यात दुरुस्त केलेले इंग्रजी वाक्य लिहावे. दुसरा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होतो, परंतु वहीचा खरा उपयोग त्यातच आहे. त्यानंतर रोज आठ-दहा वाक्यांचा एक परिच्छेद लिहावा आणि तो लगेच न तपासता काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तपासावा. लिहून हातावेगळा केल्याबरोबर वाचले, तर डोळ्यांना कागदावरील शब्दांऐवजी मनातील शब्द दिसतात.

तपासताना एकाच वाचनात सगळ्या चुका पकडण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक वाचनात एकाच गोष्टीकडे पाहावे. पुढे दिलेल्या फेऱ्यांचा क्रम मी मुद्दाम ठरवला आहे: क्रियापद चुकले तर वाक्याचा अर्थ बदलतो, उपपद (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) चुकले तर अर्थ सहसा पोहोचतो, म्हणून क्रियापद आधी आणि उपपद नंतर.

पहिली फेरी: कर्ता आणि क्रियापद

प्रत्येक वाक्यातील क्रियापद अधोरेखित करावे आणि त्याचा कर्ता कोण, हे विचारावे. मराठीत ‘काल उशिरा पोहोचलो’ एवढे म्हटले तरी पुरते, कारण ‘पोहोचलो’ या रूपातच ‘मी’ किंवा ‘आम्ही’ सामावलेले असते. इंग्रजी क्रियापद ही माहिती पोटात ठेवत नाही, त्यामुळे कर्ता लिहावाच लागतो, इतका की खरा कर्ता नसेल तिथे नावापुरता कर्ता उभा करावा लागतो. ‘पाऊस पडतो आहे’ याचे ‘रेन इज फॉलिंग’ असे शब्दशः रूपांतर व्याकरणात बसते, पण रोजच्या बोलण्यात आणि लेखनात ‘इट इज रेनिंग’ असेच म्हणतात. ‘वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत’ याचे ‘इन द क्लास फॉर्टी स्टुडंट्स आर’ असे होत नाही. तिथे ‘देअर आर फॉर्टी स्टुडंट्स इन द क्लास’ अशी ‘देअर’ने सुरुवात करावी. मराठी वाक्य ‘आहे’ किंवा ‘आहेत’ यांवर संपत असेल आणि एखादी वस्तू कुठेतरी असल्याचे सांगत असेल, तर ‘देअर’ची आठवण करावी.

यानंतर तृतीयपुरुषी एकवचन. ‘ही गो’, ‘शी वर्क’ ही चूक वरच्या इयत्तांतही टिकून राहते. मराठीत जातो, जाते, जातोस, जातेस, जातात अशी रूपे बदलण्याची आपल्याला पक्की सवय असते, तर इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ‘गो’ हे एकच रूप जवळजवळ सर्वत्र चालते आणि फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एखादे एकवचनी नाम आले की ‘गोज’ होते. एवढा एकच अपवाद लक्षातून निसटतो. नकारार्थी वाक्यात उलट घडते: ‘ही डज नॉट गोज’, ‘आय डिड नॉट वेंट’. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. काळाची किंवा पुरुषाची खूण वाक्यात एकदाच लागते. ‘डू’चे ‘डज’ किंवा ‘डिड’ झाले की ती खूण लागून गेली, आणि मुख्य क्रियापद पुन्हा मूळ रूपात येते. म्हणून ‘ही डज नॉट गो’ आणि ‘आय डिड नॉट गो’. मराठीत ‘मी गेलो नाही’ या नकारातही ‘गेलो’ हे भूतकाळी रूप तसेच राहते, आणि ‘डिड नॉट वेंट’ तिथूनच येते.

आदरार्थी बहुवचनाचा परिणाम पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो, पण वह्या तपासताना तो मला सतत दिसतो. ‘माझे वडील डॉक्टर आहेत’ असे आपण म्हणतो आणि तेच योग्य आहे; त्यातून ‘माय फादर आर डॉक्टर’ असे इंग्रजी तयार होते. पुढच्या वाक्यात वडिलांसाठी ‘ते’ म्हणून ‘दे’ येते, आणि वाचणाऱ्याला वडिलांबरोबर आणखी कोणी होते की काय, असा प्रश्न पडतो. इंग्रजी क्रियापदाच्या वचनातून आदर दाखवला जात नाही. ‘माय फादर इज’ आणि ‘ही’ असे लिहिल्याने कोणाचा अनादर होत नाही.

काळांच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत ‘होतो’, ‘होते’ या शब्दांमुळे होते. ‘मी काल शाळेत गेलो होतो’ हे मराठीत अगदी साधे विधान आहे. त्यावरून विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टू स्कूल यस्टरडे’ असे लिहितो. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ हे रूप भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवण्यासाठी राखलेले आहे: ‘द बस हॅड गॉन व्हेन आय रीच्ड द स्टॉप’, म्हणजे मी पोहोचण्यापूर्वीच बस निघून गेली होती. दुसरी घटना वाक्यात किंवा संदर्भात नसेल, तर साधा भूतकाळ वापरावा: ‘आय वेंट टू स्कूल यस्टरडे’. परिच्छेदात जिथे जिथे ‘हॅड’ दिसेल तिथे थांबून ‘कशाच्या आधी?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ‘हॅड’ काढून क्रियापद साध्या भूतकाळात आणावे. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हीदेखील जवळची चूक आहे. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन 2019’ असा संपून गेलेला काळ स्पष्ट सांगितला असेल, तर त्याच वाक्यात ‘हॅव सीन’ बसत नाही. तिथे ‘आय सॉ हिम यस्टरडे’ हेच योग्य.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळू. क्रिया पूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे, असे सांगायचे असेल तर इंग्रजीत ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लागते. ‘पासून’साठी दोन शब्द आहेत: आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि किती काळ गेला ते सांगायचे असेल तर ‘फॉर’. ‘सोमवारपासून’ म्हणजे ‘सिन्स मंडे’. ‘तीन दिवसांपासून’ म्हणजे ‘फॉर थ्री डेज’. ‘पासून’च्या आधी आलेली गोष्ट दिनदर्शिकेवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येत असेल तर ‘सिन्स’ आणि ती मोजावी लागत असेल तर ‘फॉर’, ही कसोटी सहसा चुकत नाही. त्यामुळे योग्य वाक्य असे होते: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’.

या फेरीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जाणणे, समजणे, आवडणे, मालकीचे असणे अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. म्हणून ‘आय ॲम नोइंग हिम’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही वाक्ये चूक, आणि ‘आय नो हिम’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ ही बरोबर. दुसरी गोष्ट भविष्याची. ‘मी मोठा होईन तेव्हा’ याचे ‘व्हेन आय विल ग्रो अप’ होत नाही. ‘इफ’ने अट किंवा ‘व्हेन’ने वेळ सांगणाऱ्या उपवाक्यात घटना भविष्यातील असली, तरी क्रियापद वर्तमानकाळात राहते आणि ‘विल’ मुख्य वाक्यात जाते: ‘व्हेन आय ग्रो अप, आय विल बिकम अ टीचर’.

दुसरी फेरी: प्रश्न आणि उत्तरे

मराठीत विधानाचा प्रश्न करताना शब्दांची जागा बदलत नाही. ‘का’ जोडला किंवा स्वर चढवला की काम होते. त्यामुळे ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असा प्रश्न तयार होतो. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ हा नियम पाठ झाला की विद्यार्थी तो नको तिथेही लावतात. ‘टेल मी व्हॉट इज युअर नेम’ या वाक्यात प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला आहे, आणि आत गेलेल्या प्रश्नाची रचना विधानासारखी असते: ‘टेल मी व्हॉट युअर नेम इज’.

आपल्या ‘ना?’ या सोयीच्या शब्दासाठी विद्यार्थी सरसकट ‘इजंट इट?’ वापरतात. इंग्रजीत हे शेपूट मुख्य वाक्यातील क्रियापदानुसार आणि कर्त्यानुसार बदलते: ‘यू आर कमिंग, आरंट यू?’, ‘शी लेफ्ट, डिडंट शी?’. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर देताना विशेष सावध राहावे. ‘तू जेवला नाहीस का?’ याला आपण ‘हो, नाही जेवलो’ असे उत्तर देऊ शकतो, कारण मराठीतील ‘हो’ समोरच्याच्या अंदाजाशी सहमत होतो. इंग्रजीतील ‘येस’ आणि ‘नो’ घटनेशी बांधलेले असतात. जेवण झाले नसेल तर प्रश्न कसाही विचारलेला असो, उत्तर ‘नो, आय डिडंट’ असेच येते. बोलण्यात यामुळे खरोखर गैरसमज होतात.

तिसरी फेरी: जोडशब्द आणि प्रत्ययांची जागा घेणारे शब्द

‘जरी तो थकला होता, तरी तो आला’ या वाक्यात दोन जोडशब्दांची जोडी आहे. इंग्रजीत त्यांपैकी एकच पुरतो. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही केम’ यातील ‘बट’ काढावा, किंवा ‘ऑल्दो’ काढून ‘बट’ ठेवावा. ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘सो’ घालण्याची चूकही याच प्रकारची आहे.

शब्दयोगी अव्ययांसाठी एकच मोठा नियम सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरी चुकांचे तीन गट पाडले तर पाठांतर हलके होते. पहिल्या गटात मराठीत प्रत्यय किंवा ‘विषयी’सारखा शब्द असतो, पण इंग्रजी क्रियापदाला मध्ये काहीच चालत नाही: ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू’, ‘आन्सर टू द क्वेश्चन’, ‘रिझेंबल टू’. या सर्वांतील दुसरा शब्द गाळावा. ‘डिस्कस अबाउट’ इतके चिवट का, याचेही कारण आहे: ‘डिस्कशन’ या नामाबरोबर ‘अबाउट’ योग्य असते आणि तीच सवय क्रियापदाला लागते. ‘रिक्वेस्ट’चेही तसेच, नामाला ‘फॉर’ चालते, क्रियापदाला नाही. दुसऱ्या गटात उलट चूक होते आणि आवश्यक शब्द गळतो: ‘माझे ऐक’ म्हणजे ‘लिसन टू मी’, ‘माझी वाट पाहा’ म्हणजे ‘वेट फॉर मी’, ‘मला समजावून सांग’ म्हणजे ‘एक्सप्लेन इट टू मी’. तिसऱ्या गटात शब्द असतो, पण मराठी प्रत्ययाच्या सावलीत निवडलेला. ‘तिच्याशी लग्न’वरून ‘मॅरीड विथ हर’ होते, योग्य शब्द ‘टू’. ‘गणितात हुशार’वरून ‘गुड इन मॅथ्स’ होते, योग्य शब्द ‘ॲट’. ‘माझ्यावर रागावला’वरून ‘अँग्री ऑन मी’ होते, तिथे ‘विथ’ हवा. आणि ‘माझ्यावर हसले’ याला ‘लाफ्ड ॲट मी’. क्रियापद किंवा विशेषण वहीत लिहिताना त्याच्यासोबत येणारा शब्दही लिहून दोन्ही एकत्र पाठ करावेत.

वेळेच्या शब्दांचे काम सोपे आहे: घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना ‘इन’ लागते, पण रात्रीला ‘ॲट नाइट’.

चौथी फेरी: नामे आणि उपपदे

मराठीत ‘बातम्या’, ‘सल्ले’, ‘केस’ ही अनेकवचने आहेत, म्हणून ‘न्यूज आर’, ‘ॲडव्हायसेस’, ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ ही नामे मोजली जात नाहीत. मोजायचीच असतील तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ असे म्हणावे. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असले तरी क्रियापद एकवचनी येते, आणि डोक्यावरील सगळ्या केसांना मिळून ‘हेअर इज’ असे म्हणतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूकही याच फेरीत पकडावी: अनेकांपैकी एक, म्हणून ‘फ्रेंड्स’, पण क्रियापद त्या एकासाठी, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्यासाठी देवनागरी आपल्याला एक सुंदर कसोटी देते. पुढचा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’च्या इंग्रजी स्पेलिंगचे पहिले अक्षर ‘यू’ हा स्वर आहे, पण देवनागरीत ‘यु’ येते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ यांच्या स्पेलिंगचा आरंभ ‘एच’ने होतो, पण ते ऐकू येत नाही, म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. ‘एमए’च्या आधी ‘ॲन’ आणि ‘वन-वे रोड’च्या आधी ‘अ’ का, हेही यातून उलगडते. एके ठिकाणी मात्र ही कसोटी फसते: वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो, परंतु त्याच्या इंग्रजी उच्चारात आरंभी ‘य’चा आवाज असतो, म्हणून ‘अ इयर’ हेच बरोबर.

‘द’चा वापर अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण मराठीत उपपद हा प्रकारच नाही. सुरुवातीला एवढे करावे: नामाआधी ‘एक’ किंवा ‘कोणतातरी’ हा शब्द शोभत असेल तर ‘अ’, आणि ‘तो, ज्याविषयी आपण बोलत आहोत’ असे म्हणता येत असेल तर ‘द’. जीवन, प्रामाणिकपणा, ज्ञान यांविषयी सर्वसाधारण विधान करताना काहीच लावू नये. ‘लाइफ इज शॉर्ट’. भाषेच्या नावाआधीही उपपद नको, कारण ‘द इंग्लिश’ म्हणजे इंग्रज लोक.

पाचवी फेरी: शब्दांची निवड आणि स्पेलिंग

एका मराठी शब्दासाठी इंग्रजीत दोन-तीन शब्द असतील, तिथे चूक होणारच असे धरून चालावे. ‘सांगणे’ हे कोणाला सांगितले याच्यासह येते तेव्हा ‘टेल’, आणि ‘म्हणणे’साठी ‘से’: ‘ही टोल्ड मी’, पण ‘ही सेड टू मी’. ‘पाहणे’साठी सहज दिसले तर ‘सी’, मुद्दाम नजर वळवली तर ‘लुक ॲट’, आणि काही काळ लक्ष ठेवून पाहिले तर ‘वॉच’. उसने घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. ‘दिवा बंद कर’ याला ‘क्लोज द लाइट’ नव्हे, तर ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’. दार मात्र ‘क्लोज’ होते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो.

भारतीय इंग्रजीतील काही प्रयोगांबद्दल सरसकट कठोर होऊ नये. ‘प्रीपोन’ची नोंद इंग्रजी शब्दकोशांनी भारतीय इंग्रजी म्हणून घेतली आहे. पण शिक्षण पूर्ण केले या अर्थी ‘पास्ड आउट’ लिहिताना, इतर देशांतील वाचक त्याचा अर्थ ‘बेशुद्ध पडलो’ असा घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

स्पेलिंगमध्ये संगणकाच्या तपासणीवर भिस्त ठेवू नये, कारण चुकीच्या जागी आलेला शब्द स्वतः बरोबर लिहिलेला असू शकतो. गमावणे या अर्थाच्या ‘लूज’मध्ये एकच ‘ओ’, सैल या अर्थाच्या शब्दात दोन. सल्ला हे नाम ‘सी’ने, सल्ला देणे हे क्रियापद ‘एस’ने. ‘इट्स’मध्ये वरचा स्वल्पविराम घालावा की नाही, हे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे पूर्ण वाचून ठरवावे. अर्थ जुळला तर घालावा, आणि ‘त्याचा’ असा अर्थ असेल तर घालू नये.

एक परिच्छेद तपासून पाहू

‘माय फादर आर डॉक्टर. ही हॅड कम होम लेट यस्टरडे. ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही डिस्कस्ड अबाउट माय स्टडीज. ही गेव्ह मी मेनी ॲडव्हायसेस.’ पहिल्या फेरीत ‘आर’चे ‘इज’ होते, आणि ‘कशाच्या आधी?’ या प्रश्नाला उत्तर नसल्याने ‘हॅड कम’चे ‘केम’. दुसऱ्या फेरीत काही सापडत नाही. तिसरीत ‘बट’ आणि ‘अबाउट’ गळतात. चौथीत ‘डॉक्टर’च्या आधी ‘अ’ येतो आणि ‘मेनी ॲडव्हायसेस’चे ‘अ लॉट ऑफ ॲडव्हाइस’ होते. आता परिच्छेद असा दिसतो: ‘माय फादर इज अ डॉक्टर. ही केम होम लेट यस्टरडे. ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही डिस्कस्ड माय स्टडीज विथ मी. ही गेव्ह मी अ लॉट ऑफ ॲडव्हाइस.’ यातील ‘विथ मी’ कोणत्याही फेरीने सुचवले नाही. ‘माझ्या अभ्यासाविषयी चर्चा केली’ या मराठी वाक्यात चर्चा माझ्याशी झाली हे गृहीत होते, इंग्रजी वाक्यात ते न लिहिल्यास वडील माझ्या अभ्यासाविषयी दुसऱ्याच कोणाशी बोलले, असाही अर्थ निघाला असता, आणि हे वहीच्या दुसऱ्या रकान्यात ते मराठी वाक्य लिहिले तेव्हाच लक्षात आले.